पिवळ्या पट्ट्यातलं गाव

शिकवणीला आलेल्या आकांक्षाने नकाशा सतरंजीवर पसरला. मधोमध पांढरा डोंगर, माउंट रेनियर. त्याच्या माथ्यावरून निघालेल्या नद्यांची खोरी पिवळी रंगवलेली होती आणि पिवळ्यात काळे ठिपके होते.

"ठिपके म्हणजे?" अंबरीनने विचारलं.

"टाउन्स, मिस. पण वर तर व्होल्कॅनो आहे. हे लोक मॅड आहेत का?"

"वर बर्फ आहे, हे आधी लिही. डोंगर आतून तापला की बर्फ वितळणार. त्या पाण्यात राख, दगड, माती मिसळून चिखल होणार आणि तो नदीच्या वाटेने खाली येणार. लाव्हा फार लांब जात नाही. चिखल जातो." तिने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे ऑर्टिंग. भोंगा वाजला की कुठे जायचं, याचा सराव इथल्या शाळेतली मुलं करतात. चालत, उंचावर. हातात वेळ तासभराचाही नाही."

"मग शिफ्ट का नाही होत?"

आतल्या खोलीच्या पडद्यामागून अंबरीनच्या अम्मीचा आवाज आला. "गाळाची जमीन असंल गो. चांगली पिकत असंल. कोण सोडतंय?"

आकांक्षा हसली. अंबरीनलाही बरं वाटलं. अब्बा जाऊन एकसष्ट दिवस झाले होते. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घराबाहेर न पडता, परक्या पुरुषासमोर न येता इद्दतीत बसलेली अम्मी दिवसाकाठी चार शब्द बोलायची, तेही चहा हवा की नको एवढेच.

बाहेर, एरवी कोरड्या असणाऱ्या या आखाती शहरात, सकाळपासून पाऊस होता. दोघींचे फोन एकदमच किंचाळले. इशारा होता: वादीचं कोरडं पात्र भरतंय, वादी अदाईतल्या तळमजल्यांवरच्या लोकांनी ताबडतोब घरं सोडावीत.

पाठोपाठ समोरच्या घरातला सादिक दार ढकलून आत आला आणि आल्या आल्या भिंतीकडे वळून उभा राहिला. गाला भागातल्या गॅरेजातून तो तसाच, ग्रीसच्या हातांनी आला होता.

"फरिदाखाला, मी भिंतीकडं तोंड केलंय, बिनधास्त या बाहेर! आमरातकडनं वादी भरून निघालीय. गाडी चालू ठेवलीय. यल्ला, चला!"

"माझी इद्दत आहे," अम्मी पडद्यामागून म्हणाली.

"जिवावर बेतलं तर बाहेर पडलेलं चालतं, खाला. मौलानांना विचारू काय फोन लावून?"

"चालतं ते मलापण ठाऊक आहे, बाबा."

"मग?" सादिकने भिंतीला विचारलं.

आकांक्षा दप्तर छातीशी धरून उभी होती. अंबरीनने तिला सादिकच्या हवाली केलं. आकांक्षाला रुवी भागात तिच्या आईकडे पोचवायचं होतं.

"मिस, तुम्ही?"

"येते मी अम्मीला घेऊन."

"दहा मिनिटं," सादिक जाता जाता म्हणाला. "मग रस्ता खलास."

अंबरीनने पडदा सारला. अम्मी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. पांढरी ओढणी, रिकामे हात. दाराच्या फटीतून आलेलं मातकट पाणी पलंगाखाली शिरत होतं.

"अम्मी, ऊठ."

"तू जा."

"तुला टाकून?"

"इद्दत संपली की माझा व्हिसा संपला. तू मला रत्नागिरीला पाठवशील, मामाच्या दारात. तोवर तरी त्यांच्या घरात राहू दे मला. एकदा का उंबरा ओलांडला की परत कोण आणतंय इथं?"

तिकीट अंबरीनने गेल्याच आठवड्यात काढलं होतं. अम्मीला सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं.

पाणी घोट्याला लागलं. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत राहिला आणि मग एकदम थांबला. सादिकने सांगितलेली दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

"जिना बिल्डिंगच्या आतून जातो," अंबरीन म्हणाली. "रस्त्यावर उतरावं लागत नाही. गच्ची घरातच धरतात."

"कोण धरतं?"

"मी."

अम्मीने तिच्याकडे पाहिलं. मग पलंगाचा कठडा धरून ती पाण्यात उतरली.

तीन मजले चढायला दोघींना फार वेळ लागला. प्रत्येक वळणावर अम्मी भिंतीला टेकायची आणि खाली बघायची. खालच्या दोन पायऱ्या दिसेनाशा झाल्या, मग पाच.

अंबरीनने गच्चीचं दार उघडलं. खाली वादी एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत भरून चालली होती. कुणाची तरी रिकामी पांढरी पिकअप पाण्यावर सावकाश गोल फिरत चालली होती. अंबरीन पावसात गेली, वळली आणि तिने हात पुढे केला.

अम्मीने हात घेतला नाही. तिने दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली होती. एक पाय गच्चीत होता, दुसरा अजून पायरीवर. अर्ध्या ओढणीवर पाऊस पडत होता.