बेचक्याचं हाड

"कातडी फाटली बघ," ओडील म्हणाली.

"नाही फाटली, ताई." एल्मीरनं सुरीचं टोक कोंबडीच्या कण्याला घासत पुढे नेलं.

चर्च आटोपून ओडील धाकट्या बहिणीकडे जेवायला आली होती. जवळच्या लाफायेत शहरात तिचं शिवणकामाचं दुकान होतं. तिनं लग्न केलं नव्हतं. का, ते गावभर ठाऊक होतं.

"एवढ्या उकाड्यात लांब बाह्या कशाला गं?"

"सवय."

ओसरीवर एल्मीरच्या नवऱ्यानं काठी आपटली. "एल्मीर! मेलीस का आत?"

"आल्सीदचा आवाज अजून तसाच," ओडीलनं उसासा टाकला. "काय ॲकॉर्डियन वाजवायचा!"

"आता काठी वाजवतो."

लग्न ठरायच्या वेळी आल्सीदला दोघींपैकी कोणीही चालणार होती. आई म्हणाली, भांडू नका, हाड ओढा. कोंबडीच्या मानेखालचं, गलोलीच्या बेचक्यासारखं हाड, दोघींनी एकेक टोक धरून मोडायचं. लांब तुकडा जिच्या हाती, तिचं मागणं पुरं. त्याच आठवड्यात ओडीलचा गाल सुजला होता. आल्सीदबरोबर नाचाला गेली होती, येताना दार लागलं म्हणाली. लांब तुकडा एल्मीरच्या हाती आला. तिनं तो अजून खिडकीत ठेवला होता.

"ती कोंबडी मीच सोलली होती," ओडील म्हणाली. "हाड माझ्याच हातानं काढलं, आणि नशीब बघ. एक दिवस तरी तो माझा असता!"

"गावभर सांगतेस की."

"खोटं सांगते का?"

एल्मीरनं बेचकं काढलं, पाठमोरी होऊन सुरीनं खरवडून साफ केलं आणि शेगडीच्या धगीला वाळत ठेवलं. मग मोजा काढावा तसं मांडीचं मांस उलटं ओढून हाड सोडवलं. भात आणि सॉसेज भरून पाठ शिवली. कोंबडी पुन्हा अख्खी दिसू लागली.

"आत हाडं नाहीत, हे कोणाला कळायचंसुद्धा नाही," ओडील म्हणाली.

"कापल्याशिवाय नाही कळत."

मागच्या दाराशी सूटकेस होती. "चर्चला द्यायचे कपडे का गं?"

"द्यायचं ते इथंच देणार आहे." एल्मीरनं कोंबडी भट्टीत सरकवली आणि वाळलेलं हाड पुढे धरलं. "ओढायचं? त्याच्याचसाठी, पुन्हा."

ओडील खळखळून हसली. "चल! देवा, या वेळी तरी!"

कट्.

"जिंकले गं!"

"जिंकलीस." एल्मीरनं आपला एप्रन सोडून बहिणीच्या कमरेला बांधला. "वरची कातडी कुरकुरीत झाली की कोंबडी बाहेर काढ. नाहीतर तो ताट फेकतो."

"अगं, पुरे आता गंमत..."

रस्त्यावर शेजाऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला. एल्मीरनं खिडकीतला जुना तुकडा ओडीलच्या हातातल्या नव्या तुकड्याशेजारी ठेवला. दोन्हींची मोडलेली कड अर्धी खडबडीत होती, अर्धी गुळगुळीत.

"जिची बाजू चिरलेली, ती हरते, ताई," सूटकेस उचलत एल्मीर म्हणाली. "आज मी माझी चिरली. त्या वेळी तू तुझी चिरली होतीस."