तात्यांची नजर

फाउंड्रीत त्या सकाळी सगळ्यांच्या कपाळाला पट्ट्या बांधल्या. त्या पट्ट्यांमुळे आता कामातलं एकाला ठाऊक असेल ते साऱ्या पाळीला आपोआप कळणार होतं. तात्यांच्याच पाळीतल्या रेवतीचा हात पट्टी सोडवायला गेला. वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहून ओतायचा हुकूम देणाऱ्या तात्यांची नजर अधू झालीय, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत कसं बोलायचं, म्हणून ती गप्प राहिली होती.

पट्ट्या सुरू झाल्या आणि सगळ्यांचे हात थांबले. तात्या तिच्याकडे वळले.

“कधीपासून माहीत होतं, पोरी?”

“दोन वर्षं झाली, तात्या.”

“माझा हात गेल्या वर्षी ओतताना भाजला,” मागून महादू म्हणाला.