भिंतीपलीकडचा ठोका

दिवाळीच्या आधी एकदा आबा खुशीत होते. चोपड्याचं आमचं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं जुनं घर बघायला आलेला गवंडी "पाडा, स्लॅब टाका" म्हणून निघून गेला होता.

"भिंत ठोकून न बघणारा माणूस नको," आबा म्हणाले. मग हळूच विचारलं, "घर नीट झालं, तर राहशील का गं इथे?"

मी चहा गाळत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा झोपेतच गेले.

दिवाळीनंतर नवल मिस्त्री मिळाले. दर परवडणारा, बोलणं सरळ. त्यांची रीत अशी, की ते बाहेरून मातीच्या भिंतीवर ठोकणार आणि घरच्या माणसाने आतून कान लावायचा. भिंत भरीव वाटली, तर उलट ठोकायचं.

ते मागच्या बाजूला गेले. मी पुढच्या दाराचं कुलूप काढणार, तेवढ्यात आतून उलट ठोका आला.

मिस्त्री पुढे सरकले. पुन्हा ठोका आला. खिडकीखाली मात्र आला नाही. मी मागे गेले, तेव्हा ते तिथे खडूने फुली मारत होते.

"घरमा कोन शे, अक्का?" ते हसून म्हणाले. "कान पक्का शे त्यास्ना!"

किल्ली माझ्या मुठीत होती. मी भिंतीला हात लावला. ती उन्हाने कोमट झाली होती.

"राहीन, आबा," मी म्हणाले. "इथेच राहीन."