हात लावण्याची परीक्षा

माझी पोर हेप्झी भर प्रार्थनाघरात झटका येऊन पडली, तेव्हा बोस्टनहून आलेल्या न्यायाधीशांनी संशय असलेल्या दोघींना पुढे बोलावलं. चेटकिणीचा हात लागला की तिने सोडलेलं विष तिच्यातच परत जातं आणि पोर शांत होते, ही आमच्याकडची परीक्षा.

त्यातली म्हातारी टार्बेल हात लावताना हळूच म्हणाली, "एवढ्यात गप्प होऊ नकोस गं बाळा. अजून जरा ओरड, नाहीतर मला लटकवतील."

हेप्झी ओरडतच राहिली. दुसरीनेही हात लावून पाहिला, पण काही फरक पडला नाही. दोघी सुटल्या.

"मला नाही बघवत आता," म्हणत माझी बायको लिडिया उठली. तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखा कपाळावरून हात फिरवला. हेप्झी तिथल्या तिथे शांत झाली. मग सगळं प्रार्थनाघरच शांत झालं.

मका काढायच्या आधी लिडियाला फाशी दिली.



हेप्झीला अजूनही झटके येतात. मी हात पाठीमागे धरून उभा राहतो.