चितळ, मादी, वय सहा

रेशन दुकानातल्या मशीनने मैनाबाई कुमरेचा चेहरा पाहिला, "चितळ, मादी, वय सहा," असं सगळ्यांदेखत सांगितलं आणि तांदूळ नाकारला. तणतणत ती थेट वनरक्षक दुधानेच्या क्वार्टरवर गेली.

हरणं मोजायचा कॅमेरा त्यानेच निवडला होता आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर झाडाला बांधला होता. मैनाबाई तिथेच मोहफुलं वेचायची. कॅमेऱ्याने केलेली नोंद बाकीच्या सरकारी मशीनी डोळे झाकून खरी मानत.

"मावशी, कॅमेऱ्यापुढं वाकून चालायचं कशाला?"

"मोहफुलं का उभ्यानं वेचू? मी हरीण आहो का, बाबू? नाव काढ माझं."

"जनावर मेल्याशिवाय यादीतून निघत नाही."

मैनाबाईने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग ती त्याच्या परसात शिरली आणि वाफ्यातली कोवळी मेथी उपटून खाऊ लागली. दुधाने काठी घेऊन धावला.

"मार ना," ती चावत चावत म्हणाली. "हरणाला हात लावला की सात वर्षं आत. दारावरचा तुझा कॅमेरा बघून राहिला. अन् उद्या अख्खा कळप घेऊन येतो मी."

दुधानेने काठी टाकून साहेबांना फोन लावला. तोवर मैनाबाईने पालकाकडे मोर्चा वळवला होता.