गाळलेले महिने

कुंदा गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्याच दुपारी तिच्या मनगटपट्टीचा संदेश श्रीनिवासरावांच्या फोनवर आला. पट्टी बांधलेलं माणूस गेलं, की त्याच्या मनात कोण किती वेळ होतं ते ती संबंधितांना कळवायची.

‘पती: सहा वर्षे. अरुण खांडेकर: सहा वर्षे.’

खांडेकर हा कुंदाच्या ग्रंथालयातला सहकारी. तो दोनदा घरी आला होता. त्याला पाजलेल्या त्या दोन कप चहाचासुद्धा श्रीनिवासरावांना आता राग आला.

त्यातून हा मजकूर तयार करणारा प्रोग्रॅम त्यांचाच. कोट्यवधी सेकंदांची वर्षं करायची आणि वरचे महिने-दिवस गाळायचे, हा नियम त्यांनी कुंदाच्या सांगण्यावरून घातला होता. “रडणाऱ्या माणसाला मिनिटं कशाला मोजून देता?” असं ती म्हणाली होती.

तेराव्याला खांडेकर आला आणि त्याने आपला फोन पुढे केला.

“मलाही हेच आलंय, श्रीनिवासराव. इतकं सारखं कसं असेल हो? मूळ सेकंद तुम्हाला काढता येतात म्हणे.”

“तुम्हाला कशाला हवेत?”

“तुम्हाला नकोत?”

श्रीनिवासरावांनी फोन त्याच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, “जेवून जा. उद्या बघू.”

त्याला चार महिने झाले. खांडेकर दर रविवारी येतो, चहा घेतो आणि उठताना विचारतो, “काढले का?”

सेकंद अजून काढायचे आहेत.