पुराचं सामान

"जाताना सुकट घेऊ, बोंबील घेऊ," गुणाजी म्हणाला. "पुराला त्याच्यासारखं टिकाऊ दुसरं काही नाही."

"नको," नंदा म्हणाली.

कोकणातल्या बाईने सुकटीला नको म्हणावं, याचं गुणाजीला खरं तर नवल वाटायला हवं होतं. पण डोंबिवलीची कंपनी बंद पडून घरी बसल्यापासून त्याचं नवल वाटणंच कमी झालं होतं. राग येत नव्हता, आनंद होत नव्हता. बायको म्हणेल तिकडे पिशवी धरून जायचं, एवढं मात्र जमत होतं.

आज ती कल्याणला चला म्हणाली, म्हणून तो कल्याणला आला होता. बाबुरावांच्या होलसेल दुकानात नंदा स्टुलावर बसली होती. एरवी ती उभ्यानेच भाव करायची.

गेल्या पावसाळ्यात टिटवाळ्याला नदीचं पाणी त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्यात शिरलं होतं. लाईट गेली, दूध बंद, दुकानं बंद. घरात अंथरुणाला खिळलेली मनुबाई, गुणाजीची आई. तोंडात एक दात नाही. तिला पाण्यात भिजवलेली बिस्किटं भरवून दिवस काढले. तेव्हापासून नंदा घोकत होती, यंदा आधीच भरून ठेवायचं.

"ही खिचडी बघा वहिनी," बाबुराव म्हणाले. "गरम पाणी ओतायचं, झाकायचं, झालं. गॅस पेटवायलाच नको."

"कांदा-लसूण आहे का?"

"आहे की. नको असेल तर जैन देतो."

"जैनच द्या."

"पुरात कोण बघतंय कांदा-लसूण?" गुणाजी म्हणाला.

नंदाने खिचडी घेतली, नाचणीचं सत्त्व घेतलं, दुधाची पावडर, खाकरे, कुरमुरे घेतले. दोघं आणि एक म्हातारी, यांना एवढं कशाला, असं गुणाजीच्या मनात आलं.

"माणसं येतील," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावरची वर येतात ना पाणी आलं की."

"ही पाकिटं पुढच्या वर्षापर्यंत जातात," बाबुरावांनी तारीख दाखवली.

"दिवाळीपर्यंत गेली तरी पुरे."

"मग हा गुलाबजामचा डबा घ्या. पुरात तेवढंच तोंड गोड."

"गोड नको."

बाहेर पडल्यावर तिने समोरच्या दुकानातून विजेची केटल घेतली. तेव्हा मात्र गुणाजी थांबला.

"अगं, पुरात लाईट असते कुठे?"

"असू दे," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

रिक्षात तिने डोळे मिटून घेतले. हल्ली ती लवकर दमायची. दर मंगळवारी ठाण्याला संचिताकडे जायची, आणि लेकीकडून आलेली बाई जशी टवटवीत दिसावी तशी काही दिसायची नाही. गुडघे, म्हणायची. गुणाजी मांडीवरच्या केटलकडे बघत राहिला.

सुकट नको. कांदा-लसूण नको. गोड नको. गॅस पेटवायला नको. माणसं येतील.

त्याचे वडील गेले तेव्हाचं गावचं घर त्याला आठवलं. विझलेली चूल, ओटीवर बसून राहिलेली माणसं, आणि शेजारणींनी झाकून आणलेला कडू घास. घरात मयत झालं की त्या घराने चूल पेटवायची नसते, बाहेरच्यांनी आणून घालायचं.

दोघं घरी पोचली. मनुबाई आतल्या खोलीत झोपली होती. त्याने पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि दार ओढून घेतलं.

"हे पुराचं सामान नाही," तो म्हणाला. "हे सुतकाचं आहे."

नंदा पाकिटं काढत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"हळू बोला. आईंना ऐकू जाईल."

"ऐकू दे. जिवंत माणसाचं सुतक भरून ठेवतेस घरात?" खूप दिवसांनी त्याला राग आला होता, आणि आल्याचं त्यालाच बरं वाटलं.

"इथे कोण आणून देणार कडू घास?" ती म्हणाली. "भावकी गावाला. बिल्डिंगमध्ये वर्ष झालं, समोरच्यांचं नाव तुम्हाला माहीत नाही. कोणाच्या दारात उभं राहायचं म्हटलं की तुम्हाला घाम फुटतो. उपाशी बसाल."

ते खरंच होतं. गुणाजीचा राग आला तसा ओसरला. आई ऐंशीच्या पुढची. कधीतरी व्हायचंच. नंदाने सगळं आधीच योजून ठेवलं होतं, नेहमीसारखं. त्याला थोडी लाज वाटली.

"बरं," तो म्हणाला. "आईचं होईल तेव्हा होईल. तू कशाला आतापासून डोक्याला ताप करून घेतेस?"

नंदाने केटलमध्ये पाणी भरलं आणि वायर लावली.

"बटण दाबा. तुम्हीच दाबा, शिकून ठेवा."

त्याने दाबलं. लाल दिवा लागला. तिने पाकिटांचे दोन भाग केले. एक फळीवर ठेवला. दुसरा, त्यात खिचडी होती, सत्त्व होतं, दुधाची पावडर होती, तो स्टीलच्या डब्यात भरला आणि त्याच्या हाताशी सरकवला.

"संचिता येईल, पण ती एकटी कुठेकुठे बघणार," ती म्हणाली. "तेव्हा हे तुम्हीच कालवून भरवा. मऊ आहे ते सगळं यात ठेवलंय, आईंना त्या दिवसांत दुसरं काही चावायचं नाही."